पावणेदोन एकरातली रिकामी जागा

सुनील छेत्री परत येतोय, ही बातमी 6 मार्च 2025 रोजी आली आणि फुटबॉलवेड्यांना आनंदाच्या पाठोपाठ एक प्रश्न पडला. आला खरा, पण खेळवायचा कुठे? नऊ महिन्यांपूर्वी, 6 जून 2024 ला, कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर कुवेतविरुद्ध गोलशून्य बरोबरी झाली होती आणि त्याच रात्री हा माणूस डोळे पुसत मैदानाबाहेर गेला होता. 151 सामने, 94 गोल. आंतरराष्ट्रीय गोलांच्या यादीत रोनाल्डो, मेस्सी आणि इराणचा अली दाई यांच्यानंतर तेव्हा त्याचंच नाव होतं. परतताना वय चाळीस वर्षं सात महिने.

कोल्हापुरात असा प्रश्न पडला तर त्यात नवल नाही. तिथे पेठेपेठेतल्या तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी, बालगोपाल, दिलबहार अशी नावं घेऊन माणसं भांडतात, आणि कोणाला पुढे खेळवायचं यावर आजोबासुद्धा ठाम मत देतात. आमच्या नंदुरबारला ती परंपरा नाही. इथे शाळेच्या मैदानावर कबड्डी, खो-खो आणि धावणं जास्त. तरीही मोबाइलवर सामना बघणारी पोरं सगळीकडेच आहेत आणि वाद घालायला तालीम लागत नाही. “त्याले शेवटली वीस मिनिटंच उतरवा, भो!” हे एक मत. पहिल्या मिनिटापासून नऊ नंबरलाच, म्हणजे सर्वांत पुढेच ठेवा, गोल कोण करतंय दुसरं, हे दुसरं. आणि तिसरं जरा अभ्यासू: त्याला थोडा मागे ठेवा, पळायला तरुण पोरं पुढे द्या, पास हा देईल.

मजा अशी की भारतीय संघानं पुढच्या सात महिन्यांत यातले बरेच पर्याय खरोखर करून पाहिले. त्याचा निकाल सांगतोच. पण त्याआधी स्ट्रायकर नावाचा प्राणी मैदानावर नेमकं काय करतो ते बघायला हवं, कारण ते कळलं की हा वाद वाटतो त्यापेक्षा फार खोल आहे असं लक्षात येतं.

आंतरराष्ट्रीय सामन्यांचं नेहमीचं मैदान 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद. गुणाकार करा: 7,140 चौरस मीटर, म्हणजे साधारण पावणेदोन एकर. नंदुरबारच्या मिरचीच्या पट्ट्यात एवढं शेत असलेला शेतकरी काही मोठा बागायतदार म्हणवला जात नाही. पण त्या शेतात बावीसच माणसं उभी करून पाहा. प्रत्येकाच्या वाट्याला सव्वातीनशे चौरस मीटर येतात, एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या घराच्या प्लॉटएवढी जागा. म्हणजे मैदान जवळजवळ रिकामंच असतं. टीव्हीवर ते गच्च भरलेलं दिसतं, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो आणि चेंडूभोवती नेहमीच गर्दी असते.

आता वेळेचा हिशोब. नव्वद मिनिटांच्या सामन्यात थ्रो-इन, फाउल, दुखापती, वेळकाढूपणा वजा केला तर चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो तासाभरापेक्षा कमीच. तो वेळ बावीस जणांत वाटा. एकेकाच्या पायाशी चेंडू असतो अडीच-तीन मिनिटं. स्ट्रायकरच्या पायाशी त्याहूनही कमी, कारण त्याला चेंडू मिळतो तोच शत्रूच्या अंगणात, आणि मिळाला की एक-दोन स्पर्शांत निर्णय लागतो. मग उरलेली सत्त्याऐंशी मिनिटं हा माणूस काय करत असतो?

उत्तर असं की तो जागा हलवत असतो. स्वतःची नव्हे, दुसऱ्यांची.

माणसाच्या डोळ्याला खरं स्पष्ट दिसतं ते फार थोडं. हात लांब करून अंगठा उभा धरला तर त्याच्या नखाएवढा भाग डोळा अगदी बारकाईनं पाहू शकतो. बाकी सगळं अंदाजाचं, धूसर. डोक्यामागचं तर दिसतच नाही. बचावपटूला एकाच वेळी दोन गोष्टी पाहायच्या असतात, चेंडू आणि स्ट्रायकर. चांगला स्ट्रायकर या दुबळेपणावरच जगतो. चेंडू उजव्या बगलेला असेल तर तो बचावपटूच्या डाव्या खांद्यामागे जाऊन उभा राहतो. चेंडू पाहावा तर माणूस हरवतो, माणूस पाहावा तर चेंडू. बचावपटूची मान वळते त्या क्षणी स्ट्रायकर निघतो. सामना बघताना आपल्याला वाटतं, अरे, हा मोकळा कसा राहिला? तो मोकळा राहिलेला नसतो. पाच सेकंद आधी त्यानं ती मोकळीक चोरलेली असते.

वेळ किती सूक्ष्म असते तेही पाहण्यासारखं आहे. बगलेवरून तीस मीटरचा क्रॉस ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास वेगानं आला तर तो गोलसमोर पोचायला दीड सेकंद लागतो. चेंडू हवेत गेल्यावर तो कुठे पडेल याचा विचार करून निघालेला स्ट्रायकर उशिराच पोचणार. म्हणून तो निघतो क्रॉस मारणाऱ्याचा पाय मागे जातानाच. वर ऑफसाइडचा नियम: पास निघताना स्ट्रायकर बचावफळीच्या पलीकडे नको. बचावफळी सेकंदाला पाच मीटरनं पुढे सरकतेय आणि स्ट्रायकर सात मीटरनं उलट दिशेला धावतोय असं धरा. दोघांतलं अंतर सेकंदाला बारा मीटरनं बदलतं. सेकंदाच्या दहाव्या भागात जवळपास सव्वा मीटरचा फरक. तेवढ्यात गोल वैध की अवैध ते ठरून जातं. रेषेवरच्या पंचाची चूक होते ती नेहमी आळसानं होते असं नाही. हलणारी वस्तू खऱ्या जागेपेक्षा थोडी पुढे दिसण्याची माणसाच्या नजरेची खोडच आहे.

हा ऑफसाइडचा नियम म्हणजे स्ट्रायकरच्या जन्मपत्रिकेतला शनी. 1925 पर्यंत पास निघताना आक्रमकाच्या पुढे प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असावे लागत. त्या वर्षी तीनाचे दोन केले. एका आकड्यातला बदल. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत आदल्या हंगामात 1,192 गोल झाले होते, पुढच्या हंगामात 1,703. लगेच संघांनी मधल्या फळीतला एक माणूस मागे खेचून मधोमध तिसरा बचावपटू म्हणून उभा केला, आणि त्याला नेमून दिलेलं काम एकच: समोरच्या नऊ नंबरला चिकटून राहायचं.

अठ्ठावीस वर्षांनी हंगेरीनं या नेमणुकीचीच चेष्टा केली. 25 नोव्हेंबर 1953, वेम्बली. तोवर युरोपखंडातल्या एकाही संघानं इंग्लंडला त्यांच्या घरी हरवलं नव्हतं. हंगेरीचा नांदोर हिदेगकुटी पाठीवर नऊ नंबर घेऊन उतरला, पण उभा राहिला मधल्या फळीत. इंग्लंडचा मधला बचावपटू हॅरी जॉन्स्टन पेचात पडला. मागोमाग जावं तर पाठीमागे भगदाड, हंगेरीचे पुश्काश आणि कोचिश तिथे घुसायला टपलेले. न जावं तर हिदेगकुटीला सव्वातीनशे चौरस मीटर आंदण. त्यानं पहिला गोल पहिल्याच मिनिटात केला, एकूण तीन केले, आणि सामना 6-3 असा गेला. एक माणूस पंधरा-वीस मीटर मागे उभा राहिला, एवढंच घडलं होतं. 2009 च्या मे महिन्यात बार्सिलोनानं मेस्सीला माद्रिदच्या मैदानावर असाच मधोमध पण मागे ठेवला आणि रियालला 6-2 नं हरवलं, तेव्हा या भूमिकेचं ‘फॉल्स नाइन’ हे नाव जगभर गाजलं. युक्ती जुनीच होती.

तेव्हा आपल्या अभ्यासू पोराचं म्हणणं, छेत्रीला थोडा मागे ठेवा, हे हवेतलं नाही. त्यामागे सत्तर वर्षांचा पुरावा आहे. पण एक अट आहे आणि ती अनेकदा विसरली जाते. हिदेगकुटी मागे आला तेव्हा त्यानं सोडलेल्या जागेत धावणारे पुश्काश आणि कोचिश होते. मागे सरकणारा नऊ नंबर कामाचा असतो तो पुढे धावणाऱ्यांमुळे. ते नसतील तर तो फक्त गोलपासून दूर गेलेला स्ट्रायकर.

आता वयाचं गणित. चाळिशीत काय जातं? स्नायूंमधले झटक्यात आकसणारे तंतू वयानुसार बारीक होत जातात, म्हणून पहिल्या पाच-दहा मीटरांतली मुसंडी मंदावते. त्याहून वाईट म्हणजे एक मुसंडी मारल्यावर दुसरीसाठी तयार व्हायला वेळ लागतो. आजच्या फुटबॉलमध्ये ही दुसरी गोष्ट महाग पडते. स्ट्रायकर आता पहिला बचावपटूही असतो; समोरच्या गोलरक्षकानं चेंडू आपल्या माणसाकडे दिला की त्याच्यावर धावून जायचं, पुन्हा पुन्हा, सामन्यात कितीतरी वेळा. पुढचा माणूस धावला नाही तर मागचे दहा जण जागा सोडून बसतात. पेन्शनीला आलेला स्ट्रायकर संघाला कुठे महाग पडतो? गोल चुकवतो तिथे क्वचितच. तो न धावलेल्या मीटरांचं कर्ज मधल्या फळीच्या डोक्यावर चढवतो.

आणि काय उरतं? नजर. नॉर्वेचे संशोधक गेअर योर्डेट यांनी खेळाडू चेंडू मिळण्याआधी किती वेळा मान वळवून आजूबाजूला पाहतात हे मोजण्यात वर्षं घालवली. जे जास्त पाहतात त्यांचा पुढचा पास जास्त वेळा नीट जातो, असं त्यातून दिसलं. हे कौशल्य पायांत नसतं, म्हणून पाय थकले तरी ते थकत नाही. छेत्रीची उंची जेमतेम पाच फूट सात इंच. तरी त्याचे हेडर पाहा. उंच बचावपटूंच्या वर तो उडत नाही, त्यांच्या आधी उडतो. 7 डिसेंबर 2024 ला, म्हणजे राष्ट्रीय संघाला निरोप दिल्यानंतर सहा महिन्यांनी, त्यानं बंगळुरूकडून केरळा ब्लास्टर्सविरुद्ध हॅट-ट्रिक केली. वय 40 वर्षं 126 दिवस. इंडियन सुपर लीगमध्ये एवढ्या वयाच्या कोणी ती केलेली नव्हती. त्या हंगामात त्याचे 14 गोल झाले. एकाही दुसऱ्या भारतीयाला तेवढे जमले नाहीत.

परत आलेला म्हातारा स्ट्रायकर कसा वापरावा याचा जगातला सर्वांत सुंदर धडा कॅमेरूननं दिला. रॉजे मिला राष्ट्रीय संघातून निवृत्त होऊन हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर निवांत खेळत होता. 1990 च्या विश्वचषकाआधी देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी, पॉल बिया यांनी, त्याला परत बोलावलं. वय 38. प्रशिक्षक होते सोव्हिएत संघाचे वालेरी नेपोम्नियाशी. त्यांनी मिलाला एकाही सामन्यात सुरुवातीपासून उतरवलं नाही. उत्तरार्धात, बचावपटूंचे पाय जड झाले की, तो येई. रुमानियाविरुद्ध दोन गोल. कोलंबियाविरुद्ध जादा वेळेत दोन. त्यातला दुसरा म्हणजे गोलरक्षक हिगीता चेंडू घेऊन अंगणाबाहेर हिंडत होता आणि मिलानं तो त्याच्या पायातून काढून घेतला. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध तो आला तेव्हा कॅमेरून 0-1 नं मागे होतं. त्यानं पेनल्टी मिळवली, दुसरा गोल करून दिला, आणि काही काळ आफ्रिकेचा एक देश उपांत्य फेरीच्या दारात उभा होता. अखेर 3-2 नं हरले. चार वर्षांनी, 42 व्या वर्षी, त्यानं रशियाविरुद्ध आणखी एक गोल केला.

यातली खुबी समजून घ्या. मिला 38 व्या वर्षी समोरच्या बचावपटूंपेक्षा वेगवान नव्हता. पण साठाव्या मिनिटाला ताजा मिला त्यांच्यापेक्षा वेगवान होता. वेग ही दोन माणसांतली तुलना असते आणि ती तुलना कोणत्या मिनिटाला करायची हे प्रशिक्षकाच्या हातात असतं. हे मला आजही चमत्कारासारखं वाटतं: घड्याळाच्या काट्यानं माणूस तरुण करता येतो! आता पाच बदली खेळाडूंची मुभा आहे, तेव्हा दोघांचीच होती. म्हणजे आज ही युक्ती आणखी सोपी व्हायला हवी. पण गंमत अशी की समोरचा संघही पाच ताजे पाय आणतो. थकलेले बचावपटू आता साठाव्या मिनिटाला मिळतीलच असं नाही.

तर आता छेत्रीचं काय झालं?

आधी त्याच्या गैरहजेरीत काय झालं ते पाहू, कारण त्याशिवाय परत बोलावणं कळत नाही. स्पेनचे मानोलो मार्केझ 2024 च्या मध्यात प्रशिक्षक झाले. त्या वर्षी त्यांच्या हाताखाली भारत चार सामने खेळला आणि एकही जिंकला नाही. गोल झाले दोन. व्हिएतनामविरुद्ध एक फारुख चौधरीनं केला, अंबरनाथचा मुलगा. मलेशियाविरुद्ध दुसरा केला मुंबईच्या राहुल भेकेनं, आणि भेके आहे बचावपटू! महाराष्ट्रानं छाती फुगवावी असा हिशोब, पण चार सामन्यांत दोन गोल आणि त्यातला एक बचावपटूचा, हे प्रशिक्षकाची झोप उडवायला पुरेसं होतं.

19 मार्च 2025, शिलाँग. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटरवरचं मैदान. तोरणमाळच्या माथ्यावर गेल्यावर जी हवा लागते तिच्याहून आणखी साडेतीनशे मीटर वरची. समोर मालदीव. छेत्री सुरुवातीपासून, नऊ नंबरच्या जागी. पहिला गोल कॉर्नरवरून पुन्हा भेकेचा, दुसरा गोव्याच्या लिस्टन कुलासोचा, तिसरा 76 व्या मिनिटाला छेत्रीचा, लिस्टनच्या क्रॉसवर हेडर. आधी सांगितलेला दीड सेकंद इथे डोळ्यांनी पाहायला मिळाला. भारत 3-0 नं जिंकला. नोव्हेंबर 2023 नंतरचा हा पहिला विजय. पहिल्या मिनिटापासून खेळवा म्हणणाऱ्यांनी पेढे वाटले असतील.

सहा दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेश. पुन्हा छेत्री सुरुवातीपासून. 0-0. हा आशिया चषकाच्या पात्रतेचा सामना होता, मालदीवचा नुसता मैत्रीचा.  दीड सेकंदाच्या जादूगारालाही या वेळी गोल साधला नाही.

10 जूनला हाँगकाँग. मार्केझ यांनी छेत्रीला बाकावर बसवलं आणि उत्तरार्धात आणलं. म्हणजे मिलाचा मार्ग. पण भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर सामना 1-0 नं हातचा गेला, आणि थोड्याच दिवसांत मार्केझही गेले. ऑगस्टमध्ये खालिद जमील आले. कुवेतमध्ये जन्मलेले, मुंबईत घडलेले. 2017 मध्ये मिझोरामच्या ऐजॉल एफसीला आय-लीग जिंकून देऊन भल्याभल्यांना तोंडात बोट घालायला लावणारे. त्यांनी पहिल्या स्पर्धेला, मध्य आशियाई देशांच्या काफा नेशन्स कपला, छेत्रीला नेलंच नाही. पहिल्याच सामन्यात यजमान ताजिकिस्तानला भारतानं 2-1 नं हरवलं आणि दोन्ही गोल मधल्या बचावपटूंचे, अन्वर अली आणि संदेश झिंगन. शेवटी ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तिसरा क्रमांक. त्याला नेऊच नका, असं आमच्या वादात कोणी म्हणालं नव्हतं. तेही करून झालं.

मग ऑक्टोबर. सिंगापूरविरुद्ध दोन सामने, आणि जमील यांनी छेत्रीला परत बोलावलं. पहिला सामना सिंगापुरात, छेत्री सुरुवातीपासून. झिंगनला लाल कार्ड मिळून भारत दहा जणांवर आला. दहा जणांच्या संघात पुढच्या एकट्या माणसाला दोन माणसांचं धावावं लागतं. सामना संपता संपता बदली आलेल्या रहीम अलीनं गोल करून 1-1 असा वाचवला. दुसरा सामना 14 ऑक्टोबरला आपल्या शेजारी, गोव्यात, फातोर्ड्याला. भारताच्या चांगतेनं लांबून सुरेख गोल मारून आघाडी दिली, पण सिंगापूरच्या साँग उई-याँगनं दोन गोल केले आणि 2-1 असा निकाल लागून 2027 च्या आशिया चषकाचं दार बंद झालं. छेत्रीनं राष्ट्रीय संघाला दुसऱ्यांदा निरोप दिला. पुढच्या महिन्यात ढाक्याला त्याच्याविना खेळताना भारत बांगलादेशाकडून 1-0 नं हरला.

मग कोणाचं खरं ठरलं? माझ्या मते शेवटची वीस मिनिटं म्हणणारे प्रश्नाच्या सर्वांत जवळ होते. पण त्यांचं उत्तर लागू पडायला मिलाच्या कॅमेरूनसारखा संघ हवा, म्हणजे पहिला तासभर पुढे दुसरा कोणी धावून धावून समोरच्यांचे पाय जड करणारा. तसा माणूसच भारताकडे नव्हता. छेत्रीला कुठे खेळवायचं हा वाद खरं म्हणजे छेत्रीऐवजी कोण, या प्रश्नाला वळसा होता.

आणि तो का नाही, याची कथा कोल्हापूरपासून सुरू करता येते. अनिकेत जाधव, जन्म 2000, कोल्हापूरचा. 2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध भारताचा स्ट्रायकर म्हणून तोच उतरला होता. कोल्हापूरला त्या रात्री काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको. पुढे जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा असा प्रवास झाला, पण जागा बदलली: तो बहुतेक वेळा बगलेवर खेळला. त्याच विश्वचषक संघातला आणखी एक आघाडीपटू म्हणजे रहीम अली, सिंगापुरात गोल करणारा. त्यालाही क्लबसाठी बगलेवर किंवा बाकावर बराच काळ काढावा लागला. सुपर लीगमध्ये एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येत. क्लबांनी परदेशी पैसा कुठे लावला? जिथे गोल होतात तिथे. नऊ नंबरची ती दहा-वीस मीटरची पट्टी परदेशी पाहुण्याला, आणि आपल्या पोरांना बगला. क्लबच्या दृष्टीनं व्यवहार चोख आहे. पण बचावपटूच्या डाव्या खांद्यामागे उभं राहण्याची कला बगलेवर उभं राहून येत नाही. ती शेकडो सामने तिथेच उभं राहून, शेकडो वेळा उशिरा निघून आणि ऑफसाइड होऊन येते. छेत्रीला ती मुभा मिळाली. त्याच्यामागच्या पिढीला फारशी मिळाली नाही.

परतलेल्या खेळाडूला भलत्याच जागी उभं करून सोनं जिंकल्याची गोष्टही आपल्याकडेच आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. 1962, जकार्ता, आशियाई खेळ. प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. संघाचा मधला बचावपटू जर्नेलसिंग थायलंडविरुद्ध डोक्याला मार लागून जखमी झाला आणि पुढच्या सामन्याला मुकला. उपांत्य सामन्याला तो परत आला, डोक्याला टाके. अशा माणसाला बचावात ठेवावं तर उंच चेंडू सतत डोक्यावर घ्यावे लागणार. रहीमसाहेबांनी त्याला थेट पुढे, स्ट्रायकर म्हणून उभा केला! दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यानं गोल केला. 4 सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात समोर होता गटसामन्यात भारताला 2-0 नं हरवणारा दक्षिण कोरिया. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी, विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंग. 2-1. आशियाई खेळांतलं भारताचं फुटबॉलमधलं ते शेवटचं सुवर्ण. त्या संघात गोव्यात जन्मलेला आणि मुंबईच्या टाटांकडून खेळणारा फोर्टुनाटो फ्रँकोही होता.

टाके घातलेला बचावपटू स्ट्रायकर म्हणून का चालला? माझा तर्क असा की आयुष्यभर स्ट्रायकरांना अडवणाऱ्याला बचावपटू कुठे पाहत नाही हे आतून ठाऊक असतं. शिवाय कोरियाच्या बचावफळीनं जर्नेलसिंगला अडवायचा सराव केलेला असण्याचं कारणच नव्हतं. हिदेगकुटीनं नंबर एक लावून जागा दुसरी घेतली, रहीमसाहेबांनी माणूसच दुसरा आणला. दोन्हींचं लक्ष्य एकच: समोरच्या बचावपटूच्या मनातला नकाशा.

पावसाळ्यात सुब्रतो चषकाचे जिल्हास्तरीय सामने होतात, नंदुरबारलाही आणि तुमच्या जिल्ह्यातही. शाळांचे संघ येतात, चिखल असतो, तिकीट नसतं. एखाद्या सामन्याला जा आणि दहा मिनिटं चेंडू बघायचं सोडून द्या. फक्त पुढच्या पोराकडे बघा. तो मान किती वेळा वळवतो, कोणाच्या खांद्यामागे जाऊन उभा राहतो, आणि तो हलला की त्याच्यामागे कोण हलतं ते मोजा. असं पोर दिसलं तर त्याच्या क्रीडाशिक्षकांना एवढंच सांगा, त्याला बगलेवर पाठवू नका.